स्वस्थ माणसाचा पट्टा

३ मार्च, सोमवार. सकाळी ७.

काल सायंकाळी सौ.ने मला उद्देशून एक विधान केले. एप्रिलअखेर ती तीन महिन्यांसाठी कन्येकडे राहावयास जाणार आहे. कारण विचारले असता म्हणाली, तुमच्याबरोबर एका खोलीत बसायचं म्हणजे चालू छापयंत्रावर बसायचं. पायाला भिंगरी होतीच, जिभेला होतीच, आता दातांनाही बसवून आणलीत.

शेवटचा टोमणा माझ्या नव्या कवळीस आहे. ती दंत महाविद्यालयातून घेऊन आज वीस दिवस झाले. मी ती तोंडात वाजवतो, असा आरोप आहे. मी वाजवत नाही. बैठक तपासतो.

वस्तुतः माझ्याइतका स्वस्थ मनुष्य मी पाहिलेला नाही. छापखान्यात अडतीस वर्षे एका जागी उभे राहून शिशाचे खिळे जुळवले. शिक्षण चौथीपर्यंत; तथापि माझ्या हातून गेलेल्या पुस्तकांत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवावी आणि बक्षीस न्यावे. अस्वस्थ माणसाच्या हातून असे काम होत नाही.

७.१०. नळ बंद आहे का ते पाहून आलो. होता.

७.१४. दाराची कडी. लावलेली होती.

७.२०. पुन्हा नळ. (मघाशी न्हाणीघराचा पाहिला होता. हा स्वयंपाकघराचा.)

दंत महाविद्यालयाच्या भिंतीवर एक सूचना आहे. नवी कवळी बसवलेली माणसे काही महिने बेचैन राहतात, झोपत नाहीत, चिडतात; त्यांना सिस्टरांनी घरी येऊन स्वस्थ बसण्याचा धडा दिल्यास फरक पडतो का, असे संशोधन चालू आहे. मनाचे डॉक्टर प्रमुख. सहा आठवडे. शेवटी लेखी रिपोर्ट.

लेखी. हाच तो शब्द. सौ.स म्हणालो, शास्त्रीय कागद आणून दाखवला तर राहशील? ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, आणा कागद. स्वस्थ असा शिक्का असेल तर राहते. नसेल तर माझी बॅग भरायला मदत करायची.

मान्य केले. सहा आठवड्यांचा तर प्रश्न.

५ मार्च, बुधवार. दुपारी ३.

स्टडीत नाव घातले. संमतिपत्र चार पानांचे. त्यात अकरा चुका. तांबड्या शाईने दुरुस्त करून दिले. सिस्टर म्हणाल्या, आजोबा, यावर सही करायची असते, तपासायचं नसतं. मी म्हणालो, चुकीच्या मजकुराखाली मी आजवर सही केलेली नाही; तसेच मी आपला आजोबा नव्हे. तेव्हापासून त्या मला काका म्हणतात. दुसरी प्रत आणली. तीही मोठ्याने वाचली. मागे रांगेत सात जण होते. त्यांनाही मजकूर कळला. आभार कोणी मानले नाहीत.

मनगटावर काळा पट्टा बांधला आहे. घड्याळासारखा, परंतु तबकडी नाही. स्नानाखेरीज अहोरात्र बांधून ठेवायचा. मनुष्य किती हालतो, केव्हा निजतो, केव्हा उठतो, हे मिनिटामिनिटाला आतल्या आत नोंदले जाते. जोडीला एक वही. दररोज रात्री आपली बेचैनी शून्य ते दहा यांपैकी किती, ते लिहायचे.

कॉम्प्युटरने चिठ्ठ्या काढून अर्ध्या लोकांना केवळ पत्रक दिले आणि अर्ध्यांना सिस्टरांचा धडा. मला धडा. यंत्रालाही माणूस ओळखता येतो.

धडा असा: दिवसातून तीनदा खुर्चीवर वीस मिनिटे बसावे, हात मांडीवर, जबडा सैल, कवळीवर दात दाबू नयेत.

सायंकाळी ६. वेळ वाचावा म्हणून वहीत बेचाळीस दिवसांचे शून्य आजच भरून टाकले.

६ मार्च, गुरुवार.

पहिला धडा. सकाळी ९ वाजता बसलो. ९.०३ ला उठणे भाग पडले. खुर्चीचा एक पाय आखूड आहे. सौ. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडे. दुर्लक्ष केले. पायाखाली पुठ्ठा घातला. मग दुसरा पाय आखूड वाटला. दुपारपर्यंत चारही पाय कापून समान केले. खुर्ची आता बरीच बुटकी झाली आहे.

दुपारचा धडा खुर्चीअभावी झाला नाही. सायंकाळचा झाला; परंतु मध्ये दोन वेळा घड्याळ पाहावयास, एकदा खिडकी लावावयास आणि एकदा ती उघडावयास उठलो. हे वगळल्यास वीस मिनिटे पूर्ण.

१२ मार्च, बुधवार.

सिस्टर आल्या. पट्टा त्यांच्या कॉम्प्युटरला जोडला. पडद्यावर ग्राफ उमटला. करवतीच्या दातांसारखा. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, काका, दिवसाला अठरा हजार पावलं? बाहेर फिरायला जाता का? मी सांगितले, घराबाहेर मी क्वचित जातो. मग तर कमालच आहे, म्हणाल्या.

स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजत होती. सौ. हसत असली की भांडी घासते.

मी स्पष्ट केले की सदर यंत्र दक्षता आणि बेचैनी यांत भेद करू शकत नाही. सिस्टर म्हणाल्या, असू द्या, हा पहिलाच आठवडा आहे, डॉक्टर पुढच्या आठवड्यांकडे जास्त पाहतात. मग त्यांनी वही उघडली. विचारले, काका, पुढच्या बुधवारची बेचैनी तुम्हाला आजच कशी कळली? म्हणालो, मी स्वतःला बाहत्तर वर्षे ओळखतो. त्यांनी पाने फाडून घेतली आणि कोरी दिली.

चहा न घेता गेल्या. सौ. त्यांना सोडावयास दारापर्यंत गेली आणि दोघी तेथे पंधरा मिनिटे उभ्या होत्या. काय बोलल्या, ते मला दोन खेपा घालूनही ऐकू आले नाही.

१४ मार्च, शुक्रवार.

पट्टा उजव्या हातास असल्याने लिहिणे, कडी पाहणे, हे सर्व त्यात जाते. डाव्या हातास बांधला. डावा हातही हालतो, असे दिसून आले. पायास बांधून पाहिला. त्याविषयी न लिहिलेले बरे.

कन्येचा फोन. आईला विचारा, तिकीट काढू का? फोन मी घेतला. म्हणालो, घाई करू नये, सोळा एप्रिलला कागद येत आहे. ती म्हणाली, बाबा, आई कशी आहे ते सांगा. उत्तम, म्हणालो. झोपते का नीट? म्हणालो, झोपेत तिचा हात कोणी धरणार नाही. माझे एक सोड, तुझी आई म्हणजे मूर्तिमंत स्वास्थ्य.

फोन ठेवल्यावर हे वाक्य बराच वेळ मनात राहिले.

१६ मार्च, रविवार. दुपारी १२.

तोडगा सापडला.

छापखान्याचा नियम असा, की नमुन्याचा कागद ग्राहकास दाखवताना घरात असेल त्यातील उत्तम दाखवावा. घरातील उत्तम स्वास्थ्य कोणाचे? सौ.चे. चव्वेचाळीस वर्षांत ती एकदाही दमले म्हणालेली नाही. घराबाहेर जात नाही. आवाज चढवत नाही. तिला मी कधी धावताना पाहिले नाही. पती आणि पत्नी ही दोन नव्हेत, असे सर्वच मानतात. मग पट्टा कोणत्या मनगटावर आहे, हा तपशील गौण ठरतो. यात लबाडी नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

तिला सांगितले की माझ्या मनगटास खाज सुटते, काही दिवस तू बांध. तिने माझ्या मनगटाकडे पाहिले. मग माझ्याकडे. विचारले, हे सगळं लिहितं का? म्हणालो, अहोरात्र, मिनिटामिनिटाला. खाडाखोड नाही? नाही.

बरं झालं, म्हणाली, आणि हात पुढे केला.

इतक्या लवकर राजी होईल, असे वाटले नव्हते.

१७ मार्च, सोमवार.

पट्टा उत्तम चालू असावा. रात्री दोन वेळा उठून नीट बसला आहे का, ते पाहिले. त्यासाठी दिवा लावावा लागला. ती जागी झाली. तिची झोप इतकी सावध आहे, हे मला ठाऊक नव्हते. तू निर्धास्त झोप, रिपोर्ट त्यावर अवलंबून आहे, असे तिला समजावून सांगितले. सुमारे अर्धा तास.

दुपारी ती आडवी झाली असता चष्मा कोठे आहे, हे विचारण्यासाठी केवळ एकदा उठवले. कपाळावर होता. त्यानंतर फक्त कवळीच्या डबीसाठी, आणि किल्ल्या कोठे ठेवल्या हे तिला आठवते का, यासाठी.

मला स्वतःला पट्ट्यावाचून फार हलके वाटते. दिवसभर उत्साहाने घरभर वावरलो.

१९ मार्च, बुधवार.

सिस्टर यावयाच्या दहा मिनिटे आधी पट्टा माझ्या हाती परत. त्यांनी ग्राफ पाहिला. मग विचारले, काका, पहाटे पाचला तुम्ही काय करता? निजलेला असतो, म्हणालो. त्या म्हणाल्या, पट्टा तर पाच ते साडेआठ एकसारखा हालतो आहे. मी तत्काळ म्हणालो, पहाटे मी सर्व कामे उरकतो. कोणती? पाणी भरणे, डबे, ओटा, कपडे, असे जे काही असते ते. क्रम सांगताना किंचित अडखळलो. सौ.ने आतून सांगितले, आधी दूध.

सिस्टर म्हणाल्या, मी हे डॉक्टरांना दाखवते. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या. इतके स्वास्थ्य त्यांनी पूर्वी पाहिले नसावे.

२३ मार्च, रविवार.

पाच मिनिटे हालचाल कमी करता आली तर तीही सोडू नये, या विचाराने सौ.सही धडा देण्यास प्रारंभ केला. तिला बुटक्या खुर्चीत बसवले. हात मांडीवर. मी समोर उभा राहून देखरेख. दुसऱ्याच मिनिटास तिची मान कलली आणि ती गाढ झोपी गेली. पत्रकात स्पष्ट लिहिले आहे की बसताना झोपू नये. उठवले. पुन्हा झोपली. पुन्हा उठवले. असे नऊ वेळा.

शेवटी ती म्हणाली, अहो, मला एकदा तरी बसू द्या ना धड. मी म्हणालो, तेच तर शिकवतो आहे.

२ एप्रिल, बुधवार.

आज सिस्टरांनी पट्टा हुंगून पाहिला. ही कसली पद्धत, कळेना. म्हणाल्या, काका, भांडी तुम्हीच घासता का? अर्थात, म्हणालो. कोणत्या साबणाने? मी म्हणालो, साबणाची जात सांगणे हा या स्टडीचा भाग असल्यास संमतिपत्रात तसे कलम हवे होते. त्या हसल्या. तोंड फिरवून हसल्या, तरी दिसल्या.

वहीत आठवडाभर शून्य लिहिले आहे. रोजच्या रोज लिहिले. नियम म्हणजे नियम.

३ एप्रिल, गुरुवार. ठराव.

१) येत्या पंधरवड्यात सौ.स विनाकारण उठवणार नाही.

२) कारण असल्यास ते आधी लिहून पाहीन.

३.४०. कारण: कात्री.

३.५५. कारण: कात्री सापडली, हे सांगणे.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.

दवाखान्यातून फोन. मुदत पुरी होण्याआधीच डॉक्टरांनी उद्या बोलावले आहे. दोघांनाही. एवढ्या लवकर कोणालाही बोलावत नाहीत, हे मी सिस्टरांकडूनच वदवून घेतले. त्यांना माझा नमुना इतरांस दाखवायचा असेल.

सदऱ्यास इस्त्री. सौ.ने केली. चार वाक्यांचे भाषण तयार. त्यात डॉक्टरांचे आभार आहेत, तसेच संमतिपत्रातील अकरा चुकांचा ओझरता उल्लेख.

सौ.स म्हणालो, बॅग माळ्यावरच राहू दे. ती म्हणाली, मी काढलेलीच नाही अजून. विजय.

९ एप्रिल, बुधवार. सायंकाळी ५.

झाले ते क्रमाने लिहितो.

डॉक्टर तरुण आहेत. आम्हास बसावयास सांगितले. सिस्टर भिंतीशी उभ्या. डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे वळवला. म्हणाले, काका, पहिले अकरा दिवस एक तऱ्हा दिसते आणि सोळा मार्चपासून दुसरीच. दिवसा चालणं वाढलं नाही, पण विश्रांती संपली. रात्री सहा ते नऊ वेळा उठणं. सलग दोन तास झोप एकाही रात्री नाही. दिवसभरात एका जागी सर्वांत जास्त बसलात ते अकरा मिनिटं. तुमच्या वयाला हे शरीर फार दिवस सोसणार नाही. चक्कर येते का? छातीत धडधडतं का?

मी म्हणालो, मला ठणठणीत वाटते.

ते म्हणाले, तेच मला कळत नाही. हा पट्टा बांधणारं माणूस उभ्याउभ्या झोपत असायला हवं.

येथे मी विचार केला. हा ग्राफ माझा म्हणून स्वीकारला, तर कागदावर बेचैन असा शिक्का बसतो आणि सौ. जाते. माझा नव्हे म्हणालो, तर तो कोणाचा, हे सांगावे लागते. दोन्ही बाजूंनी ओळ चुकत होती. मी कवळीची बैठक तपासू लागलो. खोलीत तेवढाच आवाज होता.

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढली. झोपेच्या गोळ्या लिहून देतो, म्हणाले, जरा जबर लागतील.

तेव्हा सौ. बोलली. म्हणाली, यांना गोळ्या नका देऊ डॉक्टर, हे घोरतात. उठतात ते मला उठवण्यापुरतेच. पट्टा माझ्या हातात होता.

मग सिस्टर म्हणाल्या, मला साबणाच्या वासाने वाटलंच होतं, म्हणून सरांना म्हटलं, दोघांनाही बोलवा.

डॉक्टर रागावतील, अशी माझी अपेक्षा होती. तसे झाले असते तर मला उत्तर देता आले असते. त्यांनी खुर्ची सौ.कडे वळवली आणि माझ्याकडे पाठ झाली. तिला विचारले, मावशी, किती वर्षं असं चाललंय? ती म्हणाली, पट्टा आत्ता बांधला, आधी बांधला असता तर त्यानंच सांगितलं असतं. मग म्हणाली, सांगून कोण ऐकणार होतं. म्हटलं यंत्र सांगेल. यांचा यंत्रावर विश्वास आहे.

तिचा रक्तदाब घेतला. दोनदा घेतला. डॉक्टर सिस्टरांना हळू आवाजात आकडा म्हणाले, तो मला ऐकू आला नाही. मी विचारला. तेव्हा त्यांनी मोठ्याने सांगितला. मी छापखान्यात असताना आमच्या मालकांचा एवढा झाला होता.

डॉक्टरांनी तिला कागद लिहून दिला. रक्तदाबाच्या गोळ्या, शिवाय तीन महिने संपूर्ण विश्रांती. घरापासून दूर. तारीख, सही, शिक्का. मी वाचून पाहिला. एकही चूक नव्हती.

निघताना विचारले, माझ्या रिपोर्टाचे काय? सिस्टर म्हणाल्या, काका, तुमचं नाव स्टडीतून वगळावं लागलं. स्वस्थ की अस्वस्थ? म्हणाल्या, काहीच नाही. वगळलं म्हणजे धरलंच नाही.

भाषण खिशातच राहिले.

१० एप्रिल, गुरुवार.

डॉक्टर तरुण आहेत, हे काल लिहिलेच आहे. यंत्रही परदेशी बनावटीचे. रक्तदाब दवाखान्यात सर्वांचाच वाढतो.

रात्री दिवा न लावता सौ.कडे पाहिले. ती जागी होती. म्हणाली, काय हवंय? काही नको, म्हणालो. तिला ते खरे वाटले नसावे. उठून पाणी घेऊन आली.

१३ एप्रिल, रविवार.

कन्या आली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. आईची औषधे मोजून डबीत भरली. मी बॅग माळ्यावरून काढली. कबूल केले होते. बॅग भरताना प्रत्येक कपड्याची घडी मी पुन्हा घातली. सौ. म्हणाली, अहो, राहू द्या, मी तिकडे जाऊन काय करणार आहे दिवसभर, घड्याच घालीन. कन्या म्हणाली, तू काहीही घालणार नाहीस.

कोठे काय आहे, ते मला सांगून ठेव, असे मी सौ.स म्हणालो. तिने सांगावयास सुरुवात केली. दूध, पाणी, कपडे, कडधान्यांचे डबे, दुरुस्तीवाल्याचा नंबर. मी लिहून घेऊ लागलो. सातवे पान झाल्यावर कन्येने तिला निजावयास नेले.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.

गाडी आली. सौ. मागच्या सीटवर बसली. मी खिडकीतून तिला तीन सूचना करणार होतो. पहिली करेपर्यंत तिचे डोळे मिटले. गाडी सुरूही झाली नव्हती. कन्येने तिचे डोके स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि ड्रायव्हरला हळू चालवा, असे सांगितले.

१५ एप्रिल, मंगळवार.

५.००. उठलो. आधी दूध.

५.४०. दूध उतू गेले. ओटा पुसला. मग कपडे. बाकी कामे पान क्रमांक दोन ते पाचनुसार.

८.३०. अद्याप पान तीन.

९.१०. चष्मा कोठे आहे, असे मोठ्याने विचारले. शोधून काढला.

१०.००. कन्येस फोन. आई झोपली आहे, म्हणाली.

११.३०. पुन्हा. झोपली आहे.

१.००. जेवणासाठी उठली होती, जेवली, झोपली आहे.

२.१५. धड्यासाठी खुर्चीत बसलो. ही खुर्ची फारच बुटकी आहे. उठताना कशाचा तरी आधार घ्यावा लागतो.

४.००. फोन. कन्या म्हणाली, बाबा, ती अजून झोपली आहे. काल संध्याकाळपासून मोजलं तर अठरा तास होतील. मी विचारले, इतकी झोप चांगली असते का? म्हणाली, डॉक्टर म्हणाले, झोपू द्या, बाकी आहे तेवढी सगळी घेईल. मग थांबून विचारले, काही काम होतं का? उठवू का तिला?

नको, असे सांगितले. उठवू नकोस. आपणहून जागी झाली की मात्र लगेच कळव. मी येथे फोनपाशीच उभा आहे.